भाईजान आणि दहा हजार व्होल्ट

माझं नाव ऐकून तुम्ही कवितेची वाट बघत असाल, तर आधीच माफी मागतो. आज मी ट्रान्स्फॉर्मरबद्दल बोलणार आहे. बी.ए.ला मराठी घेतलेल्या माणसाने या विषयाला हात घालावा का, हा प्रश्न तुमच्या आधी आमच्या भाईजाननी विचारून झालेला आहे.

भाईजान म्हणजे माझे थोरले बंधू. मिरजेत आमचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. अब्बांनी ते १९६८ साली काढलं. कृष्णाकाठच्या मळ्यांतले जळालेले पंप, इचलकरंजीच्या मागांच्या मोटारी, पिठाच्या गिरण्या, सगळं आमच्याकडे यायचं. वार्निशचा वास हा आमच्या घराचा वास. भाईजान वयाच्या चौदाव्या वर्षी वाइंडिंगला बसले आणि मी हिशेबाची वही लिहायला. वहीच्या मागच्या पानांवर मी कविता लिहायचो. एकदा ‘तीन एच.पी., मोनोब्लॉक, पूर्ण जळालेली’ या नोंदीखालीच माझी चार कडवी सुरू झाली होती आणि गिऱ्हाइकाने ती मोठ्याने वाचली होती. तर ते असो.

२०१८ सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. भाईजानचा धाकटा मुलगा तेव्हा इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता. दुपारची वेळ, दुकानात मी एकटा. पोरगा खांद्यावर गोणपाट घेऊन आला आणि आतला ऐवज त्याने टेबलावर ठेवला. लोखंडी पत्त्यांचा ठोकळा, नारळाएवढा, चारेक किलो वजनाचा. त्यावर दोन वाइंडिंगं, एक जाड तारेचं, एक केसासारख्या बारीक तारेचं.

‘चाचा, अब्बांना सांगू नका,’ तो म्हणाला. ‘मायक्रोवेव्हचा आहे. भंगारवाल्याने किलोच्या भावाने दिला. टेस्ला कॉइल बनवतोय. कॉलेजच्या प्रदर्शनाला.’

टेस्ला कॉइल म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. एका प्रचंड दालनात झाडाच्या फांद्यांसारख्या विजा फुटताहेत आणि त्यांच्याखाली कोट घातलेला एक सडपातळ माणूस खुर्चीवर बसून शांतपणे काहीतरी वाचतोय. ‘हा निकोला टेस्ला. कोलोरॅडो स्प्रिंग्ज, १८९९.’

श्रोतेहो, मी त्या फोटोवर भाळलो. विजांच्या झाडाखाली वाचत बसलेला माणूस! कुठल्याही कवीला भुरळ पडावी असंच ते चित्र आहे. मी म्हणालो, ‘नाही सांगत तुझ्या अब्बांना.’ माझ्या हातून झालेली ही पहिली चूक.

पण रात्री झोप लागेना, कारण मला भाईजानचा उजवा हात आठवत होता.

१९९१ साली दुकानात तीन फेजची मोटर टेस्टिंगला लावलेली असताना भाईजानना शॉक बसला. हात तारेला चिकटला. कामगाराने लाकडी स्टुलाने त्यांना ढकललं म्हणून ते वाचले. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मात्र तेव्हापासून मिटलेलीच आहेत, उघडत नाहीत. मी तेव्हा ताजा पदवीधर. त्या प्रसंगावर कविता लिहिली, ती एका दिवाळी अंकात छापूनही आली. ‘वीज कडाडली’ अशी तिची सुरुवात होती. मी मोठ्या अभिमानाने अंक भाईजानच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी वाचली, घडी घालून अंक परत दिला आणि म्हणाले, ‘चांगली आहे. पण ती कडाडली नव्हती रे. गप आली.’

मी सकाळी उठलो आणि पुतण्याला दिलेला शब्द मोडला.

भाईजाननी ट्रान्स्फॉर्मर हातात घेऊन फिरवला. पोरगा दारात मान खाली घालून उभा. मला वाटलं, आता ठोकळा बाहेर भिरकावतील. त्यांनी पोराला बसवलं आणि विचारलं, ‘ह्याच्या बारीक वाइंडिंगवर किती व्होल्ट येतात?’

‘दोन हजार.’

‘करंट?’

‘अर्धा अँपिअर. जास्तही निघतो.’

‘आणि वाइंडिंगचं दुसरं टोक कुठं आहे?’

पोरगा गप्प. भाईजाननी बोटाने दाखवलं. बारीक वाइंडिंगचं एक टोक सरळ लोखंडालाच डाखलेलं होतं. म्हणजे ठोकळ्याचं सगळं अंग हेच त्या दोन हजार व्होल्टचं दुसरं टोक. एका हाताने ठोकळा धरायचा आणि दुसऱ्या हाताने चुकून तार शिवायची, एवढंच पुरे. माणसाच्या शरीराचा अवरोध ढोबळमानाने हजार ओहम धरतात. दोन हजार भागिले हजार, हा भागाकार मलाही जमला. हृदयाची लय बिघडायला अँपिअरचा लहानसा अंश बस होतो. दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडवत नाही. शिवाय दोन हजार व्होल्टची ठिणगी हवेतून जेमतेम मिलिमीटरभर उडते. म्हणजे ती लांबून इशाराही देत नाही. गप येते.

पोराने धीर करून विचारलं, ‘पण घरात आर.सी.सी.बी. आहे ना? ती पडेल की.’ हा गैरसमज पुष्कळांचा असतो, म्हणून थांबून सांगतो. गळती झाली की वीज तोडणारं ते बटण घराच्या वायरिंगवर लक्ष ठेवतं. ट्रान्स्फॉर्मरची दोन वाइंडिंगं एकमेकांना तारेने जोडलेली नसतात. वीज लोखंडातल्या चुंबकत्वातून पलीकडे जाते. पलीकडच्या बाजूने माणसातून करंट गेला, तर अलीकडच्या बटणाला पत्ताच लागत नाही. त्याच्या दृष्टीने ट्रान्स्फॉर्मर आपलं नेहमीचं काम करतोय.

मायक्रोवेव्हच्या याच ट्रान्स्फॉर्मरने लाकडावर झाडासारखी नक्षी जाळायची एक टूम अमेरिकेत निघाली होती. ओल्या लाकडाला दोन टोकं लावायची, की फांद्या-फांद्यांची काळी रेघ सरकत जाते. दिसायला फार सुंदर. त्या छंदात आजवर तीसहून जास्त माणसं गेली. तिथल्या लाकूड-कातकाम करणाऱ्यांच्या संघटनेने २०१७ साली आपल्या कार्यक्रमांत हा प्रकार बंदच करून टाकला. हे मला नंतर कळलं. त्या सकाळी आमच्याकडे फक्त भाईजानचा हात होता, आणि पोरगा त्याच्याकडे बघत होता.

‘मग नको करू?’ त्याने विचारलं.

भाईजाननी वार्निशच्या डब्यावरचा ब्रश उचलला, परत ठेवला. ‘नको कुठं म्हणालो? नीट कर म्हणालो. आणि माझ्या दुकानात, माझ्यासमोर कर.’

आता टेस्ला कॉइलला लागतं तरी काय, ते माझ्या भाषेत सांगतो. इंजिनिअर श्रोत्यांनी सांभाळून घ्यावं.

जुन्या विहिरीवरची मोट तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. बैल मागेपुढे होतात, मोट भरून वर येते आणि थारोळ्यात भसकन रिकामी होते. टेस्ला कॉइलमध्ये वीज पुरवणारा ट्रान्स्फॉर्मर म्हणजे ती बैलजोडी. मोट म्हणजे कपॅसिटर. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेत तो सेकंदाला साधारण शंभर वेळा भरतो. भरला, की समोरासमोर ठेवलेल्या दोन धातूंच्या फटीतून ठिणगी उडते आणि सगळी साठलेली वीज तांब्याच्या सहा-दहा वेढ्यांच्या कॉइलमध्ये ओतली जाते. तिथे ती सेकंदाला लाखो वेळा मागेपुढे झोके घेते. शेजारी उभी असते दुसरी कॉइल, बारीक तारेच्या हजारभर वेढ्यांची. दोघींच्या झोक्याचा ठेका जुळला, की दुसरीच्या माथ्यावर लाखो व्होल्ट चढतात आणि हवेत फांद्या फुटतात.

यात गंमत अशी, की ते लाखो व्होल्ट बैलजोडी देत नाही. तिने फक्त मोट भरायची. पण ती पाच-दहा हजार व्होल्टपर्यंत भरता आली पाहिजे, नाहीतर फटीतून ठिणगीच नीट उडत नाही. मायक्रोवेव्हच्या एका ट्रान्स्फॉर्मरचे दोन हजार त्याला अपुरे. मग लोक चार-चार ट्रान्स्फॉर्मर मालिकेत जोडतात. पण वाइंडिंगचं टोक लोखंडालाच असल्याने ती लोखंडं एकमेकांपासून तोडून तेलात बुडवावी लागतात, आणि आतलं इन्सुलेशन त्यासाठी केलेलंच नसतं. जीवघेणं ते आहेच, वर किचकटही.

पोराने मोबाइलवर दुसरे मार्ग काढले. एक, मोटारगाडीची इग्निशन कॉइल. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालते, वीस-पंचवीस हजार व्होल्टचे टोले देते, पण प्रत्येक टोल्यात दम थोडा. टेबलावरच्या खेळण्याएवढ्या कॉइलला ती चालेल. भाईजानचं मत होतं, तीच घ्यावी. पोराचं तोंड उतरलं. दोन, जुन्या डबड्या टी.व्ही.तला फ्लायबॅक. त्याला चालवायला वेगळं सर्किट लागतं, आणि पुढच्या काळातल्यांच्या आत डायोड बसवलेला असल्याने बाहेर येणारी वीज एकाच दिशेची. तीन, विजेच्या खांबावरचा ट्रान्स्फॉर्मर. अमेरिकेतले हौशी लोक त्यांच्याकडचा लहान, एका फेजचा खरोखर वापरतात. तो उलटा जोडायचा, म्हणजे कमी दाबाच्या बाजूने वीज द्यायची आणि मोठ्या दाबाच्या बाजूने घ्यायची. त्याच्या करंटला कसलाच आवर नसतो, म्हणून तो वेल्डिंग मशीनमधून बांधून घालावा लागतो. आपल्याकडे ज्याला सगळे डीपी म्हणतात आणि सरकारी कागदावर रोहित्र म्हणतात, तोच हा. रोहित्र! इतका देखणा शब्द मराठीत आहे आणि तो वापरतात फक्त वीजबिलाच्या तक्रारीत. भाईजान म्हणाले, ‘डीपी आणायचा असेल तर तुम्ही चाचा-पुतणे जा, मी जामीन द्यायला येतो.’

चौथा मार्ग निऑनचा. दुकानांवरच्या, थिएटरांवरच्या त्या लाल-निळ्या काचेच्या नळ्या आठवा. त्या पेटवायला पाच ते पंधरा हजार व्होल्ट लागतात, आणि करंट मात्र तीस मिलिअँपिअरसारखा अगदी थोडा. टेस्ला कॉइलला नेमकं हेच हवं.

पोरगा परस्परच शहरातून निऑनचा ट्रान्स्फॉर्मर घेऊन आला. प्लॅस्टिकच्या डबीतला, हलका, नवा कोरा. लावला, की क्षणभर जळायचा आणि बंद पडायचा. दुकानदार परत घेईना. आठवड्याचे पैसे गेले. तो इलेक्ट्रॉनिक होता. त्यात लोखंडी पत्त्याच नव्हत्या. तो वीज सेकंदाला वीस-तीस हजार वेळा उलटसुलट करून दाब वाढवतो आणि पलीकडे जरा काही वावगं दिसलं, की स्वतःला बंद करतो. टेस्ला कॉइलच्या फटीत तर सेकंदाला शंभर वेळा वावगंच होत असतं.

मग आम्ही कोल्हापूर गाठलं. भाईजानच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ तिथे होते. चाळीस वर्षं त्यांनी थिएटरांच्या आणि साडीच्या दुकानांच्या पाट्यांसाठी काच वाकवलेली. एल.ई.डी. आल्यापासून काम थांबलेलं. घराच्या मागच्या पडवीत ज्योत फुंकायच्या रबरी नळीवर धूळ बसली होती, आणि भिंतीला वाकवलेल्या काचेची अक्षरं टेकून ठेवलेली. त्यात देवनागरी अक्षरंही होती. ‘ळ’ वाकवायला सगळ्यात अवघड, असं ते म्हणाले. मला त्यांच्याशी फक्त ‘ळ’बद्दल दिवसभर बोलायला आवडलं असतं, पण पोरगा माझी बाही ओढत होता.

म्हाताऱ्यांनी कोपऱ्यातून चार काळे डबे काढले. पत्र्याचे, आत डांबर ओतलेले. पोराला म्हणाले, ‘आधी उचलून बघ. हलका असेल तो ठेवून दे.’ मग पाटी वाचायला लावली: आत २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, बाहेर १०,००० व्होल्ट, ३० मिलिअँपिअर. चारांपैकी दोनच असे होते. एकाच्या कडेतून डांबर पाझरलेलं. ‘हा कधीतरी तापलाय. आत कुठंतरी वाइंडिंग फुटलं असणार.’ तो बाजूला गेला. उरलेल्या एकाचं भाईजाननी मीटरने माप घेतलं. या ट्रान्स्फॉर्मरच्या मोठ्या दाबाच्या वाइंडिंगचा मध्य डब्याला जोडलेला असतो, त्यामुळे दोन्ही टोकांपासून डब्यापर्यंतचा अवरोध सारखा आला पाहिजे. आला. भाईजाननी मान हलवली. दोन कारागिरांत एवढ्यावर बोलणं झालं.

पोरगा खुशीत म्हणाला, ‘म्हणजे हा सेफ आहे.’

म्हातारे एकदम गंभीर झाले. ‘सेफ कुणी सांगितलं तुला? माझ्याबरोबरचा एक पोरगा शिडीवरून असल्याच डब्याला शिवून गेला. तीस मिलिअँपिअर छातीतून जाऊ दे, पुरे होतात.’

मग त्यांनी त्या डब्याचा खरा गुण सांगितला. साध्या ट्रान्स्फॉर्मरची दोन टोकं एकमेकांना टेकवली, तर करंट वाढत जातो आणि तो जळतो. निऑनच्या ट्रान्स्फॉर्मरमध्ये दोन वाइंडिंगांच्या मधोमध लोखंडाच्या पट्ट्या मुद्दाम घातलेल्या असतात. पलीकडून ओढ वाढली, की चुंबकत्व त्या पट्ट्यांच्या आडवाटेने वळतं आणि दाब आपोआप उतरतो. धरणाला सांडवा असतो तसंच. म्हणून याची टोकं टेकली तरी तीसच्या आसपासच करंट वाहतो. टेस्ला कॉइलमध्ये फट पेटली, की ट्रान्स्फॉर्मरच्या दृष्टीने टोकं टेकलेलीच असतात. हा ते निमूट सोसतो. सांडव्याची ही सोय ट्रान्स्फॉर्मर वाचवण्यासाठी आहे, माणूस वाचवण्यासाठी कुणी ती केलेली नाही. म्हाताऱ्यांनी हे पोराकडून दोनदा वदवून घेतलं.

पैसे त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, ‘चालवाल तेव्हा मला व्हिडिओ पाठवा.’

परत येताना बसमध्ये तो काळा डबा माझ्या मांडीवर होता. मी पोराला टेस्लाबद्दल विचारत होतो आणि तो सांगत होता. आज जे क्रोएशियात आहे त्या गावी १८५६ साली जन्म, १८८४ साली अमेरिका, १८९१ साली ही कॉइल. पुढे मी स्वतः वाचलं, तेव्हा मला माझ्या कामाचंही सापडलं. १८८२ साली बुडापेस्टच्या एका बागेत मावळत्या सूर्याकडे बघत टेस्ला मित्राला गटेचं ‘फाउस्ट’ पाठ म्हणून दाखवत होता, आणि त्या ओळी म्हणता म्हणताच त्याला फिरत्या चुंबकक्षेत्राची कल्पना सुचली. हे त्याने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय. भाईजान ज्या मोटारी आयुष्यभर भरत आले, त्या सगळ्या त्याच कल्पनेवर फिरतात. शिवाय सर्बियन कवी योवान योवानोविच झ्माय याच्यावर त्याने १८९४ साली ‘सेंच्युरी’ मासिकात लेख लिहिला आणि त्याच्या कविता इंग्रजीत आणायला मदत केली. हे मी भाईजानना जरा चढ्या आवाजातच सांगितलं.

‘बरं,’ भाईजान म्हणाले. ‘आणि तो विजांखाली बसलेला फोटो?’

तो फोटो, श्रोतेहो, दोनदा घेतलेला आहे. एकाच काचेवर आधी विजा टिपल्या आणि मग त्या बंद करून टेस्लाला खुर्चीवर बसवून पुन्हा टिपलं. विजा चालू असताना तिथे तो बसलेला नव्हता. हे त्याने स्वतःही लपवलं नव्हतं. माझ्या पुतण्याच्या मोबाइलवर मात्र तेवढं लिहिलेलं नव्हतं.

पुढचा महिनाभर दुकान संध्याकाळी सहानंतर बापलेकांचं होतं. नळकामातला ११० मिलिमीटरचा पी.व्ही.सी. पाइप घेतला. त्यावर २७ गेजच्या एनॅमल तारेचे हजार वेढे भाईजाननी स्वतः घातले, उरलेल्या तीन बोटांनी तार ताणून धरत, वेढ्याला वेढा टेकवून. साडेतीनशे मीटर तार, एकही वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही. पहिल्या कॉइलला फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी. अर्थिंग घराचं वापरायचं नाही, नाहीतर लाखो व्होल्टचा धक्का शेजाऱ्यांच्या टी.व्ही.पर्यंत जायचा, म्हणून परसात वेगळा खड्डा, मीठ-कोळसा घालून.

अडलं ते कपॅसिटरशी. पोराने कुठल्याशा अमेरिकन कोष्टकातून आकडा काढला होता: १२ नॅनोफॅरड. भाईजाननी सहज विचारलं, ‘त्यांची लाइन किती सायकलची?’ साठ. आपली पन्नास. इथेच सगळं घोडं होतं. ट्रान्स्फॉर्मर आणि कपॅसिटर यांचाही आपसात एक ठेका असतो. तो मुख्य विजेच्या ठेक्याशी तंतोतंत जुळला, तर दहा हजार व्होल्टचा ट्रान्स्फॉर्मर नको तितका वर चढतो आणि स्वतःचंच वाइंडिंग फोडून घेतो. आमच्या डब्याचा तो आकडा पन्नास सायकलला साडेनऊ नॅनोफॅरड येतो. साठ सायकलला आठ. धोका टाळायला त्याच्या दीडपट घेतात. अमेरिकेतले बारा म्हणजे त्यांच्या आठाचे दीडपट. आपल्याकडे तेच बारा साडेनवाच्या सव्वापटच भरले असते. आम्हाला चौदा-पंधरा हवे होते. मग ०.१५ मायक्रोफॅरडचे, दोन हजार व्होल्टचे दहा कपॅसिटर एकापुढे एक जोडले. दहांत भागून बरोबर पंधरा नॅनोफॅरड, आणि वीस हजार व्होल्ट सोसायची ताकद. प्रत्येकाच्या डोक्यावर दहा मेगोहमचा एक रेझिस्टर, कारण कपॅसिटर वीज बंद केल्यावरही भरलेला राहतो. रेझिस्टर त्याला दहाएक सेकंदांत रिकामा करतात. तरीही भाईजाननी पी.व्ही.सी.च्या लांब दांड्याला अर्थची तार बांधून ठेवली, आणि दर वेळी बंद केल्यावर ती टोकांना टेकवल्याशिवाय कुणी जवळ जायचं नाही, असा दंडक घातला. मुख्य बटण त्यांच्या हाताशी. पोराचा एक हात सतत खिशात. माझी जागा दाराबाहेर.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ठिणगीची लांबी वीज किती ओढता त्याच्या वर्गमुळाने वाढते. म्हणजे दुप्पट लांब ठिणगी हवी, तर चौपट वीज. पोरगा जो मायक्रोवेव्हचा ट्रान्स्फॉर्मर आणून बसला होता, त्याने फार तर दुपटीच्या जवळपास लांबी मिळाली असती. एवढ्यासाठी. मी हा हिशेब वहीच्या मागच्या पानावर तीन वेळा केला.

जानेवारीतल्या एका रात्री दिवे मालवून बटण दाबलं. आधी फटीतला आवाज. कापड टराटरा फाडावं तसा, पण थांबत नाही असा. मग पाइपाच्या माथ्यावरच्या ॲल्युमिनियमच्या कड्यावरून जांभळट रेघा निघाल्या, वळवळल्या, विझल्या, पुन्हा निघाल्या. जवळजवळ दीड फूट. जंतुनाशकासारखा ओझोनचा तिखट वास आला. कोपऱ्यात उभी केलेली, कशालाही न जोडलेली जुनी ट्यूबलाइट आपोआप उजळली. भाभी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि तोंडावर पदर घेऊन हसायला लागल्या.

घरातल्या रेडिओवर तेव्हा हेच केंद्र लागलेलं होतं. ते पार खरखरीत बुडून गेलं. विजेच्या ठिणगीतून चारी दिशांना रेडिओच्या लहरी सुटतात. बिनतारी संदेशाची सुरुवातीची यंत्रं ठिणगीचीच होती. त्या रात्री आमच्या गल्लीत कुणाचं आवडतं गाणं बुडालं असेल, तर आज याच केंद्रावरून क्षमा मागतो. दर वेळी अर्ध्या मिनिटाच्या वर चालवली नाही.

बंद केल्यावर अंधारात भाईजानचा आवाज आला, ‘दांडा लाव आधी.’ पोराने दांडा लावला. मग दिवे लावले. कोल्हापूरच्या म्हाताऱ्यांना व्हिडिओ गेला. त्यांचं उत्तर एका ओळीत आलं: आवाज जास्त आहे, फट थोडी कमी करा.

प्रदर्शनात कॉलेजने ती लावू दिली, पण दहा फुटांवर दोरी बांधून, आणि हृदयाला पेसमेकर असलेल्यांनी आत येऊ नये अशी पाटी लावून. पाटीचा मजकूर मी लिहिला. बक्षीस पाणी शुद्ध करणाऱ्या एका यंत्राला मिळालं. ते योग्यच होतं, असं माझं मत आहे; पुतण्याचं नाही.

आणि तो मायक्रोवेव्हचा ट्रान्स्फॉर्मर? तो बरेच दिवस टेबलाखाली पडून होता. मग एका दुपारी भाईजाननी त्याला शेगड्यात धरलं, हॅकसॉने त्याचं दोन हजार व्होल्टचं बारीक वाइंडिंग कापून काढलं, ठोकून बाहेर पाडलं आणि त्या जागी अंगठ्याएवढ्या जाड केबलचे दोन वेढे घातले. आता त्यावर दोन-अडीच व्होल्ट येतात. हात लावला तरी काही होत नाही, पण करंट शेकड्याने. पुतण्या सध्या बॅटऱ्या दुरुस्त करतो. त्यांच्या निकेलच्या पट्ट्या तो त्यानेच चिकटवतो. परवा मी दुकानात गेलो, तेव्हा बापलेक त्याच कामात होते. भाईजान पट्टी धरत होते आणि पोरगा पायाने बटण दाबत होता. दर वेळी दाबण्याआधी तो विचारत होता, ‘अब्बा, हात?’ आणि ते म्हणत होते, ‘हां, काढला.’